वेल्सची शेकोटी, सॉमरसेटचं चीज

1526 साली लंडनमध्ये जॉन रॅस्टेल या मुद्रकानं गमतीच्या गोष्टींचं एक पुस्तक छापलं, 'अ हंड्रेड मेरी टेल्स'. त्यात वेल्सच्या लोकांवर एक गोष्ट आहे. स्वर्गात वेल्श मंडळींची गर्दी झाली आणि त्यांच्या अखंड बडबडीपुढे बाकीच्यांना स्वस्थता मिळेना. देवानं संत पीटरला बोलावून सांगितलं, यांचा काहीतरी बंदोबस्त कर. पीटर स्वर्गाच्या दाराबाहेर जाऊन उभा राहिला आणि मोठ्यानं ओरडला, "कौस पोबी!" म्हणजे शेकलेलं चीज. ते ऐकताच सगळे वेल्श लोक स्वर्ग सोडून बाहेर धावले. पीटर आत आला आणि त्यानं दाराला कडी घातली.

शेजारच्या गरीब मुलखाची इंग्रजांनी केलेली ही टिंगल आहे. मला मात्र ती गोष्ट कागदपत्रासारखी वाटते. पाचशे वर्षांपूर्वी लंडनच्या वाचकाला वेल्सचा माणूस म्हटला की शेकलेलं चीज आठवत होतं, हे त्यातून सरळ दिसतं. त्याच शतकाच्या मध्याला अँड्र्यू बोर्ड नावाच्या वैद्यानं देशोदेशींच्या लोकांची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं. त्यातला वेल्श माणूसही आपल्याला चांगलं शेकलेलं चीज फार आवडतं, असंच सांगतो. आज जगभरच्या कॅफेंमध्ये 'वेल्श रेअरबिट' म्हणून जो पदार्थ मिळतो त्याचं मूळ या कौस पोबीत आहे. टोस्टवर बिअर-मोहरीचं दाट चीज पसरून वरून खरपूस केलेला हा पदार्थ घरी करायला अर्धा तास लागतो. पण त्यात कुठलं चीज घालायचं, या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की वेल्सची माती, खाणी आणि एक महायुद्ध मध्ये येतं.

वेल्सचा बराचसा भाग डोंगराळ आहे. पाऊस भरपूर, माती आम्लयुक्त, गवत आखूड. मेंढ्या आणि काळी, काटक गुरं तिथं पोसली जातात, पण दूध बेताचंच. मोठाल्या चरव्या भरून दूध निघेल, त्याची तीस-तीस किलोंची चीजची चाकं होतील आणि ती वर्षभर कोठारात मुरत पडतील, अशी ऐपत डोंगरातल्या शेतकऱ्याची नव्हती. त्याचं चीज लहान, ओलसर आणि लवकर खायचं. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची रीतही जुनी. दहाव्या शतकातल्या हवेल दा या राजाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या कायद्यात नवरा-बायको वेगळे झाले तर घरातल्या वस्तूंची वाटणी कशी करायची, हे लिहिलं आहे. त्यात मिठाच्या पाण्यातलं चीज बायकोच्या वाट्याला आणि टांगून ठेवलेलं नवऱ्याच्या वाट्याला येतं. ज्या समाजात काडीमोडाच्या कायद्यात चीजची कलमं असतात, तिथं चीजला काय मोल असेल ते सांगायला नको.

आणि ज्याच्यावर हा समाज एवढा जीव टाकत होता, ते शेकायचं चीज मात्र या ओलसर जातीचं नव्हतं. शेकायला घट्ट, स्निग्ध, मुरलेलं चीज लागतं. तसं चीज ब्रिस्टलच्या खाडीपलीकडे, सॉमरसेटच्या सपाट कुरणांवर तयार होई. चेडर हे गाव तिथलंच. दक्षिण वेल्सची बंदरं आणि सॉमरसेटची बंदरं यांच्यात होड्यांची ये-जा जुनी, आणि इकडची लोकर, गुरं, पुढे कोळसा तिकडे जाताना तिकडचं चीज इकडे येत राहिलं. म्हणून वेल्सच्या नावानं जगभर गेलेल्या पदार्थात आजही बहुतेक स्वयंपाकी चेडरच घालतात. यात काही खोट आहे असं मला वाटत नाही. शेकण्याची आवड आणि शेकण्याची पद्धत वेल्सची, चीज शेजारच्याचं.

मग वेल्सचं स्वतःचं चीज कोणतं? कार्डिफच्या उत्तरेला केअरफिली नावाचं गाव आहे. तिथला किल्ला वेल्समधला सर्वांत मोठा. 1268 साली त्याचं बांधकाम सुरू झालं आणि त्याचा एक बुरूज आजही वाकडा उभा आहे. या गावाच्या नावाचं चीज 1830 च्या सुमारास बनू लागलं, आणि गावाभोवतीच्या खोऱ्यांमध्ये कोळशाच्या खाणी वाढल्या तसं ते खाणकामगारांच्या डब्यात गेलं. पांढरंशुभ्र, किंचित आंबट, चांगलं खारट आणि बोटांत धरलं की भुगा होणारं. खाणीत घामावाटे गेलेलं मीठ या चीजनं भरून निघतं, असं तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शेतकऱ्यालाही ते सोयीचं होतं. चेडर विकायला महिनोन्‌महिने थांबावं लागतं. केअरफिली दीड-दोन आठवड्यांत बाजारात जातं, पैसा लवकर हातात येतो. हे पाहून खाडीपलीकडचे सॉमरसेटवालेही केअरफिली करू लागले. म्हणजे चेडर इकडे आलं आणि केअरफिली तिकडे गेलं.

दुसऱ्या महायुद्धानं या चीजचा जवळजवळ घोट घेतला. ब्रिटनच्या अन्न मंत्रालयानं देशातलं दूध एकाच जातीच्या, टिकाऊ, चेडरसारख्या चीजकडे वळवलं. लवकर खराब होणारं केअरफिली करायला बंदी आली. 1941 साली रेशनवर माणशी आठवड्याला एक औंस, म्हणजे जेमतेम 28 ग्रॅम चीज मिळत होतं. भूमिगत खाणींतल्या कामगारांना आणि शेतमजुरांना जादा वाटा होता, कारण त्यांच्या डब्यातला तो मुख्य ऐवज होता. रेशन पूर्ण उठायला 1954 साल उजाडलं. तोवर वेल्समधल्या शेतघरांतली केअरफिलीची परंपरा जवळपास संपली होती. ती जिवंत राहिली सॉमरसेटमधल्या थोड्या घरांत. वेल्समध्ये ती पुन्हा रुजली ती 1980 च्या दशकापासून. युरोपीय समुदायानं 1984 मध्ये दुधावर कोटा लावला, जास्तीच्या दुधाचं करायचं काय हा प्रश्न शेतकऱ्यांपुढे आला, आणि पश्चिम वेल्समधल्या काही कुटुंबांनी आजीच्या वेळची चीजची भांडी बाहेर काढली. 'ट्रॅडिशनल वेल्श केअरफिली' या नावाला 2018 मध्ये भौगोलिक ओळखीचं कायदेशीर संरक्षण मिळालं. आपल्याकडे नागपूरच्या संत्र्याला किंवा कोल्हापूरच्या गुळाला जे मिळालं, त्याच जातीचं.

पण हे अस्सल वेल्श चीज टोस्टवर ठेवून शेकलं तर ते नीट वितळत नाही. मऊ होतं, कडेनं पाणी सोडतं, मध्ये भुसभुशीतच राहतं. त्याचं कारण त्याच्या आंबटपणात आहे. चीज म्हणजे दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाचं जाळं. त्यात स्निग्धांश आणि पाणी अडकलेलं असतं, आणि जाळ्याचे धागे कॅल्शियमनं एकमेकांना बांधलेले असतात. चीज बनताना आंबटपणा बेताचा राहिला तर ही बांधणी लवचीक राहते. गरम केल्यावर धागे एकमेकांवरून सरकतात आणि चीज वाहू लागतं. आंबटपणा फार वाढला की कॅल्शियम निसटतं, प्रथिनं एकमेकांना घट्ट चिकटून बारीक कण होतात, आणि मग तापवा कितीही, वाहायला काही उरत नाही. लिंबू पिळून दूध फाडून केलेलं पनीर तव्यावर लाल होतं पण वितळत नाही, हे आपण रोज पाहतो. केअरफिली पनीर आणि चेडर यांच्या मधलं आहे. त्याला रेनेटनं, म्हणजे दूध साकळवणाऱ्या विकरानं, विरजतात, पण आंबटपणा चेडरपेक्षा वरचढ असतो.

चेडरचं तसं नाही. त्यातला स्निग्धांश साधारण 32 अंश सेल्सिअसला पातळ होतो आणि 65 अंशांच्या आसपास जाळं सैल होऊन चीज वाहतं. या दोन आकड्यांच्या पुढे गेलं की पंचाईत. आच वाढत गेली तर प्रथिनं आक्रसतात, आतलं पाणी पिळून बाहेर येतं, तेल सुटतं आणि पातेल्यात रबराचा गोळा राहतो. एकदा असं फाटलेलं चीज पुन्हा जुळवणं कठीण. वेल्श रेअरबिट बिघडतो तो जवळजवळ नेहमी इथंच, आणि याच कारणानं. कोवळ्या चेडरच्या लांब तारा निघतात, तर दोन-दोन वर्षं मुरलेल्याचं तेल पटकन सुटतं. नऊ महिने ते वर्षभर मुरलेलं, चवीला तिखटसर झणका असलेलं चेडर सगळ्यांत बरं.

शेकोटीपुढचं हे चीज इंग्रजी स्वयंपाकघरात कसं गेलं, ते हॅना ग्लास या बाईंच्या पुस्तकात दिसतं. 'द आर्ट ऑफ कुकरी मेड प्लेन अँड ईझी' हे त्यांचं पुस्तक 1747 साली, वर त्यांचं नाव न घालता, 'एका बाईनं' लिहिलेलं म्हणून निघालं आणि पुढची शंभर वर्षं खपलं. त्यात स्कॉच, वेल्श आणि इंग्लिश असे तीन प्रकार शेजारी शेजारी दिले आहेत. स्कॉच सगळ्यांत साधा. लोणी लावलेल्या टोस्टवर दोन्हीकडून शेकलेला चीजचा काप ठेवायचा, झालं. वेल्शमध्ये चीज एका बाजूनं शेकून टोस्टवर ठेवायचं, वरून तापलेली लोखंडी पट्टी धरून दुसरी बाजू लाल करायची आणि मोहरी चोळायची. इंग्लिश प्रकारात पाव आधी तांबड्या वाइनमध्ये भिजवतात. पिठाचा, बिअरचा, गुळगुळीत लेपाचा तिथल्या वेल्श कृतीत पत्ता नाही. तो लेप पुढे खाणावळींनी आणि श्रीमंत घरांनी आणला. नावातल्या 'रॅबिट'चा सशाशी काही संबंध नाही. ज्यांना ससा परवडत नाही त्यांचा हा ससा, अशी ती कुचेष्टा होती, आणि 'रेअरबिट' हे त्याचं नंतर केलेलं सभ्य रूप. आपल्या बोंबलाला 'बॉम्बे डक' म्हणणाऱ्यांनीच हेही केलं, त्यामुळे आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

कार्डिफच्या कडेला सेंट फेगन्स इथं उघड्यावरचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, 1948 पासूनचं. वेल्सभरातली जुनी घरं दगड न् दगड उचलून तिथं आणून पुन्हा उभी केली आहेत. मी तिथं सगळ्यांत जास्त वेळ काढला तो 'रिड-अ-कार' या चाळीत. मर्थर टिडफिल या लोखंडाच्या गावात खाणकामगारांसाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली ही सहा खोपटी. संग्रहालयानं प्रत्येक घर वेगळ्या काळाचं सजवलंय: 1805, 1855, 1895, 1925, 1955 आणि 1985. एका दारातून बाहेर पडून पुढच्यात शिरलं की मध्ये तीस ते पन्नास वर्षं गेलेली असतात. माझी नजर प्रत्येक घरात विस्तवाकडेच जात होती. पहिल्या घरात उघडा विस्तव, म्हणजे चीज शेकायचं तर त्याच्यासमोर, उभं धरून. मग ओतीव लोखंडाची काळी चूल येते, आणि शेवटच्या घरात आजच्यासारखंच स्वयंपाकघर आणि टीव्ही. ज्वाळेच्या समोर शेकायचं चीज आता तापलेल्या जाळीखाली शेकलं जातं. पण उष्णता समोरून येवो की वरून, ती हवेतून थेट चीजच्या पृष्ठभागावर पडते, भांड्यातून येत नाही. या पदार्थाचा खरा गुण तोच, आणि सहाही घरांत तो बदललेला नाही. याच संग्रहालयात मिनवेल टिबट या संशोधक बाईंनी 1970 च्या आसपास खेड्यापाड्यांतल्या वयस्क बायकांच्या मुलाखती टेपवर घेतल्या, त्यांचे पदार्थ आणि कामाच्या रीती नोंदल्या. 1976 साली निघालेलं 'वेल्श फेअर' हे त्यांचं पुस्तक त्या कष्टातून आलंय. आपल्याकडे घरोघरच्या आज्यांसाठी असं काम कुणी एवढ्या निगुतीनं केलं असतं तर, असं ते चाळताना वाटत राहतं.

मला हा पदार्थ शिकवला शेजारच्या आजींनी. त्यांचं बालपण रिम्नी खोऱ्यातलं, वडील खाणीत. आजींच्या पातेल्यात बिअर नव्हती, दूध होतं. त्यांची आई चॅपेलची, म्हणजे कडक प्रॉटेस्टंट पंथातली, दारूला घरात जागा नाही. वेल्समध्ये अशी घरं थोडीथोडकी नव्हती. 1881 साली खास वेल्ससाठी कायदा करून रविवारी दारूचे गुत्ते बंद ठेवले गेले, आणि वायव्येकडच्या ड्वायफोर भागात ही रविवारची बंदी 1996 पर्यंत टिकली. म्हणून ज्यांच्याकडे बिअर चालत नाही त्यांनी दूध घातलं तर तो काही पळवाटेचा पदार्थ होत नाही, तेही वेल्सचंच घर आहे. बिअर घालणार असाल तर काळी आणि कडवट घ्या. तो कडवटपणा चीजचा तुपकटपणा कापतो.

आजींची पद्धत अशी. जाड बुडाच्या पातेल्यात दीड मोठा चमचा लोणी वितळवलं, त्यात तेवढाच मैदा टाकून मंद आचेवर मिनिटभर परतला. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कच्चा वास जायला हवा. त्यात चहाचा चमचाभर मोहरीची पूड, चिमूटभर लाल तिखट. मग 100 मिलिलिटर दूध थोडं थोडं, गुठळी होऊ न देता. दाट पेस्ट पातेल्याला चिकटेनाशी झाली तसा त्यांनी गॅस बंद केला. मी 200 ग्रॅम किसलेलं चेडर एकदम ओतायला ताट उचललं, तर माझं मनगट धरून म्हणाल्या, "थांब गं. मूठभरच. आधीचं दिसेनासं झालं की पुढचं." चीज पेस्टच्या उरलेल्या उष्णतेवरच विरघळतं, गॅसवर नाही. पहिल्या मुठीला पेस्ट मलूल दिसते, तिसऱ्या-चौथ्या मुठीला तिच्यावर चकाकी येते आणि लाकडी चमच्यावरून ती एकसंध घरंगळते. मैदा इथं आपलं काम चोख करतो. फुगलेले स्टार्चचे कण स्निग्धांशाच्या थेंबांच्या मध्ये येऊन त्यांना एकत्र होऊ देत नाहीत, म्हणून तेल सुटत नाही. शेवटी वूस्टरशर सॉसचे चार-पाच थेंब. मिश्रण ताटलीत पसरून गार करायचं. गार झालं की ते लोण्यासारखं लावता येतं, गरम लावलं तर पावावरून ओघळून जातं.

या सॉसमध्ये आपल्या ओळखीची एक वस्तू आहे. इंग्लंडमधल्या वूस्टर गावच्या ली आणि पेरिन्स या दोन औषधविक्रेत्यांनी तो 1837 पासून विकायला काढला. त्यात व्हिनेगर, काकवी, कांदा, लसूण यांच्याबरोबर चिंच असते. चीजच्या जड चवीला जी आंबट-गोड धार येते तिच्यात चिंचेचा मोठा वाटा आहे. त्यात अँकोव्ही हे मासेही असतात, तेव्हा शाकाहारी घरांनी बाटलीवरची पट्टी वाचावी. त्याऐवजी चिंचेचा दाट कोळ अर्धा चमचा आणि बोटभर काकवी घातली तरी पदार्थाचा तोल जात नाही, हे मी खात्रीनं सांगेन. आयात केलेल्या जुन्या चीजमध्ये प्राण्यांपासून काढलेलं रेनेटही असू शकतं, तेही वेष्टनावर पाहून घ्यावं.

आपल्या बाजारातलं क्यूबचं प्रोसेस्ड चीज या कामाला चालतं का, असं मला बरेच जण विचारतात. चालतं, आणि फाटतही नाही, कारण त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार घातलेले असतात. ते आंबटपणा न वाढवता प्रथिनांच्या जाळ्यातलं कॅल्शियम बाजूला काढतात आणि चीजला मुळातच सॉससारखं वितळायला लावतात. पण नुसतं तेच वापरलं तर मुरलेल्या चीजचा झणका येत नाही, आणि तो नसेल तर एवढा खटाटोप करायचा कशाला? निम्मं चांगलं चेडर आणि निम्मं प्रोसेस्ड, हा पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरासाठी मला पटलेला मेळ आहे. मीठ वेगळं घालू नये.

पाव महत्त्वाचा. कापलेला मऊ पांढरा ब्रेड मिश्रणाखाली लगदा होतो. बोटभर जाडीचे काप होतील असा, आदल्या दिवशीचा, जरा टणक पाव हवा. मुंबईत इराण्याकडचा ब्रून मधोमध कापून घेतला तर त्याच्यासारखा दुसरा पाव नाही. पाव आधी दोन्हीकडून शेकायचा, मग वर मिश्रण अर्धा बोट जाडीनं, अगदी कडेपर्यंत लावायचं. कडा उघडी राहिली तर ती जळते. सुरीच्या पाठीनं वर चौकडी ओढून त्या रेघांत सॉसचा आणखी थेंबभर सोडायचा. ओटीजीचा फक्त वरचा रॉड लावून, तो लाल झाल्यावरच, सगळ्यांत वरच्या कप्प्यात काप ठेवायचे. तीन-चार मिनिटांत मिश्रण फुगतं, त्याला बुडबुडे येतात आणि तपकिरी डाग पडायला लागतात. या वेळी ओटीजीसमोरून हलायचं नाही. डाग पडणं आणि करपणं यांत अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं. ओटीजी नसेल तर झाकलेल्या तव्यावर चीज मऊ होईल, पण डाग पडणार नाहीत. त्यासाठी हॅना ग्लासबाईंचा उपाय आजही लागू आहे. लोखंडी उलथनं गॅसवर लाल होईस्तो तापवायचं आणि चीजच्या अगदी जवळ, न टेकवता धरायचं.

वर उकळत्या पाण्यात फोडून शिजवलेलं, पिवळा बलक वाहता असलेलं अंडं ठेवलं की त्याला 'बक रेअरबिट' म्हणतात. मुंबईच्या विलिंग्डन क्लबातल्या 'एग्ज केजरीवाल'शी त्याचं फार जवळचं नातं दिसतं. टोस्ट, चीज, अंडं, आणि मोहरीच्या जागी हिरवी मिरची. उत्तर फ्रान्समध्ये लीलच्या आसपास 'ल वेल्श' या नावानं हाच पदार्थ हॅम घालून, बिअरमध्ये बुडालेला, खोलगट भांड्यात बटाट्याच्या फ्राईजसकट येतो. तिथल्या लोकांना तो आपलाच वाटतो. लंडनच्या 'सेंट जॉन' या रेस्टॉरंटनं 1994 मध्ये दार उघडलं, आणि फर्गस हेंडरसन यांच्या या साध्या पांढऱ्या जागेत रेअरबिट मानानं पानावर येतो. गरिबांच्या चेष्टेतून आलेल्या पदार्थाला असं मानाचं पान मिळालेलं पाहून मला बरं वाटतं. फक्त तिथल्या ताटात गुळगुळीत लेपानं कितीही मान मिळवला, तरी वर्षातून एकदा तरी पीठ-दूध सगळं बाजूला ठेवून नुसता चेडरचा जाड काप टोस्टवर शेकून खावा. कौस पोबी तो.

आणि केअरफिली हाती लागलं तर ते शेकू नका. ते हातानंच मोडायचं, शेजारी सफरचंद किंवा कच्च्या कांद्याची फोड, लोणी लावलेला पाव. शेकायच्या मिश्रणात मूठभर घालायची हौस असेल तर चेडर पूर्ण विरघळल्यावर, सगळ्यांत शेवटी घाला. तिखटसर लेपात ते आंबट पांढरे कण तसेच राहतात आणि छान लागतात. उरलेलं मिश्रण झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये चार दिवस सहज राहतं. लावायच्या आधी ते पुन्हा तापवायचं नाही, थंडच सुरीनं पसरायचं.